बोलके आकडे, मुके आकडे

एमएच-२२ दिसलं की गाडी परभणीची, हे जिंतूरपासून गंगाखेडपर्यंत शाळकरी पोरालाही सांगावं लागत नाही. हिंगोलीच्या रस्त्यावर मात्र हा अंदाज फसू शकतो. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा निघाला आणि पुढे त्याला एमएच-३८ मिळाला. त्याआधी परभणीत नोंदलेल्या गाड्यांवर एमएच-२२च राहिला. मालक हिंगोलीचा, गाडी हिंगोलीत, पाटी परभणीची. पाटी खोटं बोलत नाही, पण ती बोलते नोंदणीच्या दिवसाबद्दल.

याच्या अगदी उलट स्वभावाचा क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत पहिल्यांदा वाटला गेला. आधारच्या बारा आकड्यांत जिल्हा नाही, जन्मसाल नाही, स्त्री की पुरुष तेही नाही. शेवटचा आकडा आधीच्या अकरांची पडताळणी करतो, एवढंच. बाकी सगळे आकडे मुके, आणि ते मुद्दाम तसे ठेवलेले.

क्रमांक बोलका असावा की मुका, हा प्रश्न संगणकांपुढेही आला. तिथे तो जास्त अवघड होता, कारण गाडीला आरटीओ आहे, आधारला प्राधिकरण आहे, पण जगभरातले कोट्यवधी संगणक एकमेकांना न विचारता, कुठल्याही खिडकीवर रांग न लावता स्वतःचे आणि आपल्या फायलींचे क्रमांक ठरवतात. तरीही ते सहसा एकमेकांवर आदळत नाहीत. हे कसं साधतं, आणि कुठे साधत नाही, ते लिनक्सवर फार उघडपणे दिसतं. लिनक्स आपली दप्तरं कुलपात ठेवत नाही.

सुरुवात नेटवर्कच्या तारेपासून. १९७३ साली अमेरिकेतल्या झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात बॉब मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी इथरनेट जुळवायला घेतलं, तेव्हा त्या प्रयोगात संगणकाचा पत्ता होता अवघा ८ बिटांचा. म्हणजे एका तारेवर जास्तीत जास्त २५६ पत्ते. एका इमारतीला तेवढे पुरे. पण हीच यंत्रं बाजारात विकायची ठरल्यावर पेच पडला. कारखान्यातून निघालेलं यंत्र कुणाच्या तारेला जोडलं जाणार हे कुणाला माहीत? प्रत्येक ठिकाणी कुणीतरी हाताने क्रमांक वाटायचे, तर चुका अटळ.

या पेचाला उत्तर देणाऱ्यांत योगेन दलाल हे नाव आहे. १९७२ साली ते पवईच्या आयआयटी मुंबईतून विद्युत अभियांत्रिकी शिकून बाहेर पडले आणि स्टॅनफर्डला गेले. तिथे व्हिंट सर्फ आणि कार्ल सनशाइन यांच्याबरोबर त्यांनी डिसेंबर १९७४चा तो दस्तऐवज लिहिला, ज्यात इंटरनेटच्या टीसीपी नियमावलीचा पहिला मसुदा आहे. पुढे ते झेरॉक्समध्ये आले. १९८१ साली त्यांनी आणि रॉबर्ट प्रिंटिस यांनी एक निबंध सादर केला. विषय होता, यंत्राला ४८ बिटांचा निरपेक्ष क्रमांक का द्यावा. ‘निरपेक्ष’ म्हणजे कुठल्या तारेला जोडलंय याच्याशी संबंध नसलेला. यंत्र मुंबईहून परभणीला नेलं तरी क्रमांक तोच. आज आपण ज्याला मॅक ॲड्रेस म्हणतो, त्यामागचा हा विचार आहे. इंटरनेटच्या इतिहासात पवईचा हा धागा आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही, याचं नवल वाटतं.

४८ बिटांत सुमारे २८१ लाख कोटी क्रमांक बसतात. ते वाटण्याची पद्धत आरटीओसारखीच आहे. पहिले २४ बिट कंपनीचे. ते आयईईई ही अभियंत्यांची जागतिक संस्था कंपनीला पैसे घेऊन देते. उरलेले २४ बिट कंपनीने आपल्या कारखान्यात हवे तसे वापरायचे, फक्त पुन्हा वापरायचे नाहीत. एका गठ्ठ्यात १,६७,७७,२१६ क्रमांक. पुढचा भाग वरून आलेला एमएच-२२, मागचा भाग स्थानिक कार्यालयाने भरलेला. त्यामुळे हा पत्ता बोलका आहे: नेटवर्क कार्ड कुणी बनवलं ते तो लगेच सांगतो. कार्ड आज कुणाच्या टेबलावर आहे, ते नाही.

आता लिनक्सच्या एखाद्या संगणकासमोर बसून हा पत्ता शोधू. टर्मिनल उघडायचं आणि ‘आयपी लिंक’ ही आज्ञा द्यायची. जुनी मंडळी अजून ‘इफकॉन्फिग’ टाइप करतात, पण नव्या कित्येक लिनक्समध्ये ती मुळात बसवलेलीच नसते. पडद्यावर एक यादी येते आणि नवखा माणूस तिथेच गोंधळतो. कारण संगणकाचा ‘एक’ पत्ता असं काही नसतंच. पत्ता संगणकाला नसतो, जोडणीला असतो. साध्या लॅपटॉपवर तारेचा एक, वायफायचा एक, आणि ‘एलओ’ नावाची, संगणकाने स्वतःशीच बोलण्याची जोडणी, जिचा पत्ता सगळी शून्यं. त्यावर कुणी आभासी संगणक चालवत असेल तर त्यांचे आणखी चार-दोन.

यातला खरा, म्हणजे धातूच्या कार्डावर कोरलेला पत्ता कुठला? लिनक्सचा गाभा याचं उत्तर एका फोल्डरमध्ये मांडून ठेवतो. ‘सिस’च्या आत ‘क्लास’, त्याच्या आत ‘नेट’, आणि तिथे प्रत्येक जोडणीचं एक घर. त्यातली ‘ॲड्रेस’ ही फाइल वाचली की पत्ता मिळतो. त्यासाठी प्रशासकाचा पासवर्डही लागत नाही. शेजारीच आणखी एक फाइल आहे, जिच्याकडे फार थोडे लोक पाहतात. तिच्यात एकच आकडा असतो. ० म्हणजे पत्ता कायमचा, कारखान्यातला. १ म्हणजे यदृच्छेने बनवलेला. २ म्हणजे दुसऱ्या जोडणीकडून घेतलेला. गाभ्याच्या कागदपत्रांत यासाठी चक्क ‘चोरलेला’ असा शब्द आहे. ३ म्हणजे कुणीतरी हाताने बसवलेला. पत्ता काय आहे एवढंच नव्हे, तो कुठून आला हेही सांगणारी ही नोंद पाहिली की गाभा लिहिणाऱ्यांना दाद द्यावीशी वाटते. ‘इथटूल’ नावाच्या अवजाराने कार्डाचा मूळ पत्ता वेगळा विचारता येतो, मग वरवर कितीही वेळा बदललेला असो.

बदलणं अवघड नाही. प्रशासकाला एका ओळीत पत्ता बदलता येतो. म्हणून मॅक पत्त्याला पुरावा किंवा पासवर्ड समजणं हा भाबडेपणा आहे. एखाद्या सॉफ्टवेअरचा परवाना ‘पहिल्या’ जोडणीच्या पत्त्याशी बांधतात, मग कुणी यूएसबीचं वायफाय बसवलं की यादीतला पहिला बदलतो आणि परवाना नाकारला जातो. हा दोष संगणकाचा नाही, ‘पहिला तोच खरा’ असं मानणाऱ्याचा आहे. ही अडचण लिनक्सवाल्यांनाही छळत होती. जोडण्यांना ‘इथ शून्य’, ‘इथ एक’ अशी नावं सापडतील त्या क्रमाने मिळत, आणि दोन कार्डांच्या सर्व्हरवर पुन्हा चालू केल्यावर नावांची अदलाबदल होई. जानेवारी २०१३मध्ये सिस्टमडी या प्रणालीने नाव कार्डाच्या जागेवरून द्यायला सुरुवात केली. ‘ईएनपी३एस०’ हे नाव दिसायला ओबडधोबड असलं तरी अर्थ सरळ आहे: इथरनेट, तिसरी पीसीआय बस, शून्यावी खाच.

पत्ता अस्सल की बनावट, याची एक खूण त्याच्या दुसऱ्याच अक्षरात असते. षोडशमान पद्धतीने लिहिलेल्या पत्त्यात हे दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल, तर तो आयईईईने दिलेला नाही, जागेवर तयार केलेला आहे. त्यासाठी एक बिट खास राखून ठेवलंय. क्यूईएमयू हा आभासी संगणक चालवणारा प्रसिद्ध प्रोग्राम वेगळं काही सांगितलं नाही तर पत्ता देतो ५२:५४:००:१२:३४:५६. दुसरं अक्षर २. शेपटीतले आकडे तर उघडच आळसाने भरलेले. एकच आभासी संगणक चालवला तर काही बिघडत नाही. दोन चालवून एकाच नेटवर्कला जोडले की दोघांचा पत्ता एक होतो आणि माहितीची पाकिटं कधी याच्याकडे, कधी त्याच्याकडे जातात. नेट ‘अधूनमधून’ बंद पडतं, आणि अधूनमधूनच्या रोगाचं निदान सगळ्यात कठीण.

मॅक पत्ता यंत्राला ओळख देतो. पण फाइल, नोंद, डिस्क, संदेश यांनाही क्रमांक लागतो, आणि ते दर सेकंदाला हजारोंनी जन्मतात. त्यासाठी १९८०च्या दशकात अपोलो कॉम्प्युटर या कंपनीच्या नेटवर्क प्रणालीत एक कल्पना रुजली, जी पुढे यूयूआयडी म्हणून सर्वत्र पोचली. मायक्रोसॉफ्टच्या घरात तिचं नाव जीयूआयडी. १२८ बिट, आणि लिहिताना ८-४-४-४-१२ अशा पाच गटांत ३२ अक्षरं. जुलै २००५मध्ये पॉल लीच, मायकेल मीलिंग आणि रिच साल्झ यांनी त्याची रीतसर नियमावली लिहिली. तिसऱ्या गटाचं पहिलं अक्षर म्हणजे आवृत्ती.

पहिली आवृत्ती भलतीच बोलकी. तिच्यात यंत्राचा मॅक पत्ता आणि क्रमांक काढला ती वेळ एकत्र गुंफलेली असते. यंत्र जगात एकमेव, क्षण त्या यंत्रावर एकमेव, म्हणजे जोडी एकमेव. वेळ मोजायची १०० नॅनोसेकंदांच्या पायरीने, आणि मोजणीचा आरंभ? १५ ऑक्टोबर १५८२. ज्या दिवशी ग्रेगोरियन पंचांग लागू झालं तो दिवस. परभणीतल्या एखाद्या संगणकावर आज दुपारी तयार झालेल्या क्रमांकात पोप तेराव्या ग्रेगरीच्या सुधारणेपासूनचा हिशेब असतो! ६० बिटांचा हा हिशेब सुमारे ३६५० वर्षं पुरतो. घड्याळ मागे सरकवलं तर तोच क्षण पुन्हा येईल, म्हणून १४ बिटांचा वेगळा मोजणी-आकडा ठेवलाय. घड्याळ मागे गेलं की तो बदलायचा.

लिनक्सवर हे काम थिओडोर त्सो यांनी लिहिलेलं ‘लिबयूयूआयडी’ करतं. संगणकावरच्या जोडण्या एकेक करून ते तपासतं, शून्यांचा पत्ता वगळतं आणि पहिला वापरण्याजोगा मॅक पत्ता उचलतं. कार्डच नसेल तर यदृच्छेने ४८ बिट बनवतं आणि त्यात एक बिट मुद्दाम असं चढवतं, जे कुठल्याही खऱ्या कार्डाच्या पत्त्यात असूच शकत नाही. उसना पत्ता अस्सल पत्त्याशी कधी जुळू नये, यासाठीची ही खबरदारी.

बोलकेपणाची किंमत मार्च १९९९मध्ये दिसली. २६ मार्चला मेलिसा नावाचा व्हायरस वर्डच्या फायलींतून ईमेलवर पसरला. त्या काळच्या वर्ड फायलीत जीयूआयडी दडलेला असे आणि त्यात फाइल बनवणाऱ्या संगणकाचा मॅक पत्ता. काही संशोधकांनी त्या क्रमांकावरून व्हायरस लिहिणाऱ्यांच्या वर्तुळातल्या जुन्या फायलींपर्यंत माग काढला. १ एप्रिलला न्यू जर्सीत डेव्हिड स्मिथला अटक झाली. तिच्यात इंटरनेट कंपनीच्या नोंदींचा वाटा मोठा होता, पण चर्चा झाली ती या क्रमांकाची. गुन्हेगार सापडला हे बरंच झालं. मात्र त्याच दारातून कुणाही पत्रकाराच्या किंवा तक्रारदाराच्या निनावी कागदाचा कर्ता शोधता येतो, हेही लोकांच्या लक्षात आलं.

म्हणून जग मुक्या आकड्याकडे वळलं. चौथ्या आवृत्तीत यंत्र नाही, वेळ नाही. १२२ बिट निव्वळ यदृच्छेचे. लिनक्सवर ‘यूयूआयडीजेन’ लिहून एंटर दाबला की असा क्रमांक मिळतो. गाभ्यातही एक फाइल आहे, जी प्रत्येक वेळी वाचली की नवा क्रमांक देते.

पण कुणालाही न विचारता काढलेला क्रमांक दुसऱ्या कुणी काढलेला नसेलच, हे कशावरून? इथे गणिताची एक गंमत आहे. वर्गात फक्त २३ मुलं असली तरी दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. ५७ असली तर ९९ टक्के. टक्कर आपल्या अंदाजापेक्षा फार लवकर होते. चार आकडी क्रमांक चिठ्ठ्यांनी काढले, तर दहा हजार क्रमांक हाताशी असूनही सुमारे १२० नोंदींतच टक्कर होण्याची शक्यता निम्म्यावर पोचते. १२२ बिटांचं तसं नाही. दर सेकंदाला १०० कोटी क्रमांक काढत बसलं तर निम्म्या शक्यतेपर्यंत पोचायला सुमारे ८६ वर्षं लागतात.

हा हिशेब शेतात फार उपयोगी पडतो. १५ ऑगस्ट २०२१पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी बांधावर उभा राहून पिकाचा फोटो काढतो, आणि पालम किंवा सोनपेठच्या शिवारात प्रत्येक बांधावर रेंज असतेच असं नाही. नोंद आता करायची आणि रेंज आल्यावर पाठवायची, अशी वेळ ज्या-ज्या कामात येते, तिथे सर्व्हरला ‘पुढचा क्रमांक कोणता’ असं विचारता येत नाही. फोनने एक-दोन-तीन असं स्वतःच मोजलं तर प्रत्येक फोनवर नोंद क्रमांक एक तयार होते. गावोगावच्या सर्वेक्षणांसाठी वापरलं जाणारं ओडीके हे मुक्त साधन म्हणून प्रत्येक भरलेल्या फॉर्मला जागेवरच यूयूआयडी देतं. संध्याकाळी सगळे फोन एकाच सर्व्हरवर रिकामे केले तरी फॉर्म एकमेकांत मिसळत नाहीत, आणि एकच फॉर्म दोनदा पाठवला गेला तर तोही ओळखू येतो. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात रोबोट, ड्रोन आणि स्वयंचलित वाहनांवर डिजिटल शेतीचं संशोधन चालतं. अशा यंत्रांच्या नोंदी वाढत जातील तसा हा प्रश्न आणखी ठळक होत जाणार.

मुक्या आकड्याची अट एकच: यदृच्छा खरी असली पाहिजे. २००६ साली डेबियन लिनक्सच्या देखभाल करणाऱ्यांनी ओपनएसएसएल या सुरक्षेच्या सॉफ्टवेअरमधल्या, निरुपयोगी वाटलेल्या ओळी काढल्या आणि यदृच्छेचा झराच आटला. मे २००८मध्ये ते उघड झालं. तोवर त्या संगणकांवर बनलेल्या सुरक्षा-किल्ल्या एकेका प्रकारात जेमतेम ३२ हजारांतल्याच एक होत्या. दिसायला लांबलचक, अगडबंब. पण चोराने सगळ्या लावून पाहायच्या म्हटल्या तर सहज शक्य.

रोजच्या वापरात मात्र घात होतो तो नकलेने. कॉलेजच्या लॅबमध्ये तीस संगणक आले की एकावर लिनक्स नीट बसवायचं आणि त्याची डिस्क उरलेल्या एकोणतीसांवर उतरवायची, ही सर्रास पद्धत. वेळ वाचतो, पण एकमेव क्रमांकही तीस ठिकाणी उतरतात. ‘ईटीसी’ फोल्डरमधली ‘मशीन-आयडी’ ही फाइल पहिल्यांदा लिनक्स सुरू होताना ३२ अक्षरांचा क्रमांक धरून बसते. काही लिनक्समध्ये राउटरकडे आयपी मागताना मॅक पत्त्याऐवजी याच क्रमांकावरून काढलेली ओळख सांगितली जाते. मग तीस संगणक राउटरला एकच वाटतात, एकच आयपी मिळतो आणि सगळे एकमेकांना नेटवरून ढकलत राहतात. अशा वेळी तारा बदलल्या जातात, स्विच बदलला जातो, राउटरला शिव्या बसतात; मशीन-आयडी कुणी उघडून पाहत नाही. डिस्कलाही यूयूआयडी असतो आणि ‘एफएसटॅब’ या यादीत डिस्क त्याच नावाने ओळखली जाते. मूळ डिस्क आणि तिची नक्कल एकाच संगणकाला जोडली तर एक्सएफएस ही फाइल-व्यवस्था दुसरीला दारातच अडवते. खरं तर हेच योग्य. निदान गोंधळ तिथेच कळतो.

बोलका आणि मुका, या दोन स्वभावांतला सौदा अजून पुरता मिटलेला नाही. निव्वळ मुके आकडे डेटाबेसला आवडत नाहीत. क्रमच नसल्यामुळे प्रत्येक नवी नोंद अनुक्रमणिकेत भलतीकडेच जाऊन पडते. मे २०२४मध्ये आलेल्या नव्या नियमावलीने सातवी आवृत्ती दिली: पुढे ४८ बिटांत मिलिसेकंदांतली वेळ, मागे यदृच्छा. केव्हा ते सांगते, कुठे ते नाही. त्याच नियमावलीने मॅक पत्ता यूयूआयडीत घालू नये असंही सांगितलंय. मॅक पत्ताही आता मुका होतोय. २०१९च्या अँड्रॉइड १० पासून फोन प्रत्येक वायफायला वेगळा, बनावट पत्ता देतो. आयफोननेही पुढच्याच वर्षी तसं केलं. मॉलमध्ये, स्टेशनवर फोनचा माग ठेवणाऱ्यांची त्यामुळे पंचाईत झाली. वसतिगृहाच्या वायफायवर मुलांचे मॅक पत्ते वहीत लिहून घेणाऱ्या व्यवस्थापकांचीही झाली, आणि त्यांनी वही सोडून नाव-पासवर्डाकडे वळावं हे बरं.

लॅबच्या डिस्कची नक्कल काढणाऱ्यांसाठी मात्र काम सोपं आहे. नक्कल काढण्याआधी मूळ संगणकावरची मशीन-आयडीची फाइल रिकामी करा. काढून टाकू नका, फक्त रिकामी. प्रत्येक संगणक पुढच्या वेळी सुरू होताना आपला क्रमांक स्वतः काढेल.